लॅटिनमधील तर-तम-भाव आणि मराठीतील तुलना

मराठीत ‘तारतम्य’ हा शब्द आपण नित्य वापरतो. बरेवाईट, कमीअधिक ओळखण्याची जाण असा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे. परंतु या शब्दाची घडण पाहिली तर ती व्याकरणातून आलेली दिसते. संस्कृतात विशेषणांना लागणारे ‘तर’ आणि ‘तम’ हे दोन प्रत्यय एकत्र आणून त्यांचे भाववाचक नाम केले, ते तारतम्य. प्रत्ययांच्या नावांवरून विवेकाला नाव मिळावे, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, ज्या भाषेने हा शब्द जिवापाड जपला त्या मराठीने ते दोन्ही प्रत्यय मात्र आपल्या चालत्या व्याकरणातून टाकून दिले आहेत.

पदव्युत्तर वर्गातील निबंधांत आणि प्रबंधांत ‘मराठीत विशेषणाला तुलनावाचक रूपे नाहीत’ असे विधान वारंवार आढळते. हे विधान खोटे नाही. परंतु ते ज्या सुरात केले जाते त्यात मराठीच्या पदरी काही उणेपणा आहे असे गृहीत धरलेले असते. हे गृहीत कोठून आले, लॅटिन व्याकरणातील ज्या व्यवस्थेशी ताडून ते केले जाते ती व्यवस्था नेमकी काय आहे, आणि मराठी तेच कार्य कोणत्या साधनांनी करते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. लॅटिनची व्यवस्था

लॅटिनमध्ये ‘आल्तुस’ म्हणजे उंच, ‘आल्तिओर’ म्हणजे तुलनेने उंच, आणि ‘आल्तिस्सिमुस’ म्हणजे सर्वांत किंवा अतिशय उंच. या तीन पायऱ्यांना चौथ्या शतकातील रोमन वैयाकरण दोनातुस याने ‘तुलनेच्या श्रेणी’ असे म्हटले आहे. त्याच्या मांडणीत विशेषण हा स्वतंत्र शब्दवर्ग नव्हे. ते नामाचाच एक प्रकार आहे, आणि लिंग, वचन व विभक्ती यांप्रमाणे ‘तुलना’ हाही नामाचा एक धर्म आहे. युरोपातील शाळांतून शतकानुशतके दोनातुसाचे लहान पुस्तक पढविले जात असल्यामुळे ही त्रिपदी व्याकरणाचा सनातन नियमच आहे, असा समज रूढ झाला.

प्रत्यक्षात ही व्यवस्था लॅटिनमध्येही एकसारखी नाही. ‘र’कारान्त ‘पुल्केर’ या विशेषणाचे श्रेष्ठतादर्शक रूप ‘पुल्केर्रिमुस’ होते. ‘फाकिलिस’ आणि त्याच्यासारख्या आणखी पाच विशेषणांचे ‘फाकिल्लिमुस’ या धर्तीवर होते. सर्वांत अधिक वापरातली विशेषणे तर प्रकृतीच बदलतात. चांगला या अर्थाचे ‘बोनुस’, त्याची पुढील रूपे ‘मेलिओर’ व ‘ओप्तिमुस’. ‘इदोनेउस’सारख्या विशेषणाला, अन्त्य ‘उस’पूर्वी स्वर असल्याने, प्रत्यय लागतच नाही, तेथे ‘मागिस’ म्हणजे अधिक, आणि ‘माक्सिमे’ म्हणजे अत्यंत, अशी क्रियाविशेषणे जोडावी लागतात. म्हणजे मराठी ज्या मार्गाने जाते तो मार्ग अभिजात लॅटिनलाही परका नव्हता.

विशेषणाचे रूप ही तुलनेची अर्धी बाजू झाली. ज्याच्याशी तुलना करावयाची त्या उपमानाची योजना ही दुसरी बाजू, आणि पाठ्यपुस्तकांत तिच्याकडे दुर्लक्ष होते. लॅटिनमध्ये ती दोन प्रकारे साधते. ‘पेत्रुस पाउलो आल्तिओर एस्त’ या वाक्यात ‘पाउलो’ हे पंचमीचे रूप आहे. शब्दशः ‘पेत्रुस पाउलुसाहून उंच आहे’. ‘पेत्रुस आल्तिओर एस्त क्वाम पाउलुस’ या दुसऱ्या रचनेत ‘क्वाम’ हे अव्यय येते आणि उपमान उपमेयाच्याच विभक्तीत राहते. पंचमीची रचना सामान्यतः उपमेय प्रथमेत किंवा द्वितीयेत असतानाच चालते. इतरत्र ‘क्वाम’ आवश्यक ठरते.

या दुसऱ्या रचनेचा लाभ पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल. ‘मला तुझ्यापेक्षा तो आवडतो’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ संभवतात: तो तुला जितका आवडतो त्यापेक्षा मला अधिक आवडतो, हा एक, आणि तू मला जितका आवडतोस त्यापेक्षा तो अधिक आवडतो, हा दुसरा. लॅटिनमध्ये पहिल्या अर्थी ‘क्वाम तिबी’, म्हणजे चतुर्थी, आणि दुसऱ्या अर्थी ‘क्वाम तू’, म्हणजे प्रथमा, असा भेद करता येतो. मराठीत ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय सामान्यरूपाला लागते व मूळची विभक्ती पुसून टाकते. त्यामुळे अर्थ स्पष्ट करावयाचा तर ‘तुला आवडतो त्यापेक्षा’ असे पोटवाक्य योजावे लागते. लॅटिनचा खरा वरचढपणा कोठे असेल तर तो येथे आहे. ‘आल्तिओर’ या एका शब्दात नाही.

२. पाणिनीची दृष्टी

लॅटिन आणि संस्कृत यांचे या बाबतीतील नाते केवळ साम्याचे नाही, ते वंशाचे आहे. संस्कृतातील ‘ईयस्’ आणि लॅटिनमधील ‘इओर’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे वारस आहेत. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधील ‘स’चा ‘र’ झाला आणि तो पुढे प्रथमेच्या रूपातही शिरला. नपुंसकलिंगी ‘आल्तिउस’ या रूपात मात्र जुना ‘स’ शिल्लक आहे. ‘तम’ हा प्रत्यय ‘ओप्तिमुस’, ‘उल्तिमुस’, ‘इन्तिमुस’ या शब्दांत ‘तिमुस’ या रूपाने आढळतो. ‘तर’चे भावंड ‘आल्तेर’, म्हणजे दोहोंपैकी दुसरा, आणि ‘उतेर’, म्हणजे दोहोंपैकी कोणता, या शब्दांत आहे. संस्कृतातील ‘इतर’, ‘कतर’, ‘उत्तर’ हे शब्द याच घडणीचे. यावरून ‘तर’ प्रत्ययाचा मूळ अर्थ ‘अधिक’ असा नसून ‘दोन बाजूंपैकी एक’ असा असावा, हे दिसून येते.

पाणिनीने हे नेमके हेरले आहे. ‘तम’ आणि ‘इष्ठ’ यांचे विधान तो अतिशयाच्या अर्थी करतो (५.३.५५), आणि ‘तर’ व ‘ईयस्’ यांचे विधान करताना दोहोंचा संबंध, किंवा ज्याच्यापासून वेगळे काढावयाचे असा सोबतचा शब्द, ही अट घालतो (५.३.५७). ‘प्रशस्य’ या शब्दाच्या जागी ‘श्र’ आदेश सांगून (५.३.६०) तो ‘श्रेयस्’ व ‘श्रेष्ठ’ ही रूपे सिद्ध करतो, लॅटिनमधील ‘बोनुस–मेलिओर’ या जोडीचा हा संस्कृत अवतारच होय.

परंतु आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत ती कारकविभक्तीच्या प्रकरणातील दोन सूत्रे. समुदायातून एकाची निवड करावयाची असेल तर समुदायवाचक शब्दाला षष्ठी किंवा सप्तमी होते (२.३.४१), आणि ज्याच्याशी तुलना करावयाची तो पूर्णपणे वेगळा असेल तर पंचमी होते (२.३.४२). टीकाकार या दुसऱ्या सूत्रावर मथुरेचे लोक पाटलिपुत्राच्या लोकांहून धनाढ्य असल्याचे उदाहरण देतात. मथुरेचे लोक पाटलिपुत्रात मोडत नाहीत, म्हणून पंचमी. लॅटिनमध्येही श्रेष्ठतादर्शक रूपाबरोबर षष्ठीचे बहुवचन येते, ‘ओम्निउम आल्तिस्सिमुस’, आणि तुलनेत पंचमी येते. दोनातुसाने तुलना विशेषणाच्या अंगावर पाहिली. पाणिनीने ती प्रत्ययात आणि विभक्तीतही पाहिली. मराठीचे वर्णन करताना आपल्याला दुसरी दृष्टी अधिक उपकारक ठरते.

३. साष्टीत आलेली चौकट

लॅटिन व्याकरणाचा आणि मराठीच्या परिसराचा संबंध इंग्रजी अंमलाच्या पुष्कळ आधीपासूनचा आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आजची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत ते बेट १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिले. या काळात बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथे फ्रान्सिस्कन पंथीयांचा मठ व विद्यालय होते. येथील चर्चांतील उपासनेची भाषा विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत लॅटिनच होती.

गोव्यातील साष्टीत कार्य करणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले कोंकणीचे पोर्तुगीज भाषेतील व्याकरण, त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. कुन्य रिव्हार यांनी १८५७ मध्ये त्याची नवी आवृत्ती गोव्यात काढली, आणि १८५८ मध्ये ‘उत्तरेकडील बोली’चे, म्हणजे ठाणे-साष्टीकडील भाषेचे, सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने लिहिलेले व्याकरणही प्रसिद्ध केले. जेझुइट विद्यालयांतून मानुएल आल्व्हारिश यांचे १५७२ चे लॅटिन व्याकरण प्रमाणभूत मानले जात असे. त्यावर पोसलेल्या पिढीला कोणत्याही भाषेचे वर्णन त्याच कोष्टकांत बसवावेसे वाटणे स्वाभाविक होते.

यात एक विसंगती मात्र होती. या मंडळींतील बहुतेकांची मातृभाषा जी पोर्तुगीज, तिने स्वतः लॅटिनची तुलनावाचक रूपे केव्हाच टाकून दिली होती. लॅटिन ‘मागिस’पासून झालेला ‘माइश’ हा शब्द विशेषणापूर्वी ठेवून पोर्तुगीज तुलना करते. ‘मेल्योर’, ‘पिओर’, ‘माइओर’, ‘मेनोर’ अशी मोजकी जुनी रूपे तेवढी उरली. फ्रेंचने याच कामी ‘प्लुस’पासून आलेला शब्द योजला. म्हणजे लॅटिनच्या मुलींनी जे केले तेच संस्कृतच्या मुलींनी केले. तथापि पोर्तुगीजला कोणी अपूर्ण म्हटले नाही.

इंग्रजी अमदानीत हीच चौकट इंग्रजीच्या वाटेने पुन्हा आली. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ चे, दादोबा पांडुरंग यांचे १८३६ चे. पुढे ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात (मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला) सर्व भाषांसाठी शब्दांची व वाक्यांची एक समान यादी ठरविण्यात आली होती. तीत ‘चांगला’ व ‘उंच’ या विशेषणांच्या तिन्ही श्रेणी स्वतंत्र नोंदी म्हणून मागितलेल्या आहेत. मराठी माणसाला ‘उंच’ या शब्दाची दुसरी श्रेणी एकटीच सांगा म्हटले तर तो काय सांगणार? त्याला ‘त्याहून उंच’ असे म्हणावे लागते, म्हणजे उपमान कोठून तरी आणावेच लागते. शब्द विचारला आणि उत्तरात वाक्यांश आला, यातच मराठीच्या रचनेचे मर्म आहे.

४. मराठीची रीत

मराठीत विशेषण बदलत नाही. तुलनेचा सारा भार उपमानावर पडतो. ‘गोविंद हरीपेक्षा उंच आहे’ यात ‘उंच’ तेच राहते. आता पुढील वाक्य पाहावे: ‘अंधेरीहून बोरिवली लांब आहे.’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. अंधेरी आणि बोरिवली यांमध्ये बरेच अंतर आहे, हा एक अर्थ. चर्चगेटहून निघणाऱ्या माणसाला अंधेरीच्या तुलनेने बोरिवली दूर पडते, हा दुसरा. ‘हून’ हा पंचमीचा प्रत्यय वियोगही दाखवितो आणि तुलनाही दाखवितो. आणि विशेषणावर कोणतीही खूण नसल्याने कोणता अर्थ घ्यावयाचा ते प्रसंगावरूनच ठरवावे लागते.

लॅटिनमध्ये असा घोटाळा होत नाही. तेथेही नगराच्या नावाची पंचमी उपपदाशिवाय ‘तेथून’ असा अर्थ देते, आणि तीच पंचमी तुलनेतही येते. परंतु ‘माइओर’ हे विशेषणाचे रूप समोर आले की तुलना निश्चित होते. एक खूण उपमानावर, एक विशेषणावर, अशी तेथे दुहेरी नोंद आहे. विशेषणावरची खूण गेली म्हणजे उपमानावरची खूण अधिक नेमकी होण्याची गरज निर्माण होते. मराठीत नेमके हेच घडले, असे मला वाटते. जुन्या मराठीत ‘हून’बरोबर ‘परीस’ हे अव्यय तुलनेसाठी आढळते, आणि आज ‘पेक्षा’ने तेथे सर्वत्र जम बसविला आहे. हा शब्द संस्कृत ‘अपेक्षा’पासून आला, ‘त्याच्या अपेक्षेने’, म्हणजे त्याच्याकडे पाहता, हा त्याचा मूळ भाव. आता ‘अंधेरीपेक्षा बोरिवली लांब’ म्हटल्यास संदेह राहत नाही. आणि दुसऱ्या अर्थासाठी ‘अंधेरीपासून’ हा पर्याय आहेच. ‘हून’ मुख्यतः गतिदर्शक वाक्यांत आणि ‘त्याहून’, ‘माझ्याहून’ अशा सर्वनामांबरोबर टिकून आहे.

शेजारच्या भाषांची साक्षही या अनुमानाला अनुकूल आहे. घाटकोपर-मुलुंडकडे मराठीइतकीच कानी पडणारी गुजराती ‘थी’ या सर्वसाधारण पंचमीबरोबर तुलनेसाठी ‘करतां’ असा खास शब्द वापरते. कोंकणीत ‘परस’ आहे. द्राविड कुळातील कन्नडमध्येही विशेषण अविकृत राहून उपमानाला ‘इंत’ हा खास प्रत्यय लागतो. हिंदी मात्र ‘से’ या एकाच परसर्गावर दोन्ही कामे भागविते. तेव्हा ही प्रवृत्ती आहे, अटळ नियम नव्हे, असे म्हणणे योग्य होईल.

श्रेष्ठतेच्या अर्थी मराठी सप्तमीकडे वळते: ‘सर्वांत उंच’, ‘मोठ्यांत मोठा’. पाणिनीचा निर्धारणाचा आणि विभागाचा भेद येथे जसाच्या तसा जिवंत आहे. ‘गोविंद वर्गातील मुलांत हुशार आहे’ म्हणताना गोविंद त्या मुलांतला एक असतो. ‘गोविंद वर्गातील इतर मुलांपेक्षा हुशार आहे’ म्हणताना ‘इतर’ शब्दाने त्याला आधी बाहेर काढावे लागते. लॅटिनच्या श्रेष्ठतादर्शक रूपात ‘सर्वांत उंच’ आणि ‘अतिशय उंच’ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठी त्यांची फारकत करते, आणि दुसऱ्या अर्थासाठी ‘उंचच उंच’ अशी द्विरुक्ती योजते. लॅटिनचे तुलनावाचक रूप उपमानाशिवाय आले तर ‘काहीसा’, ‘जरा जास्त’ असा अर्थ होतो. मराठीत त्या जागी ‘जरा उंच’, ‘उंचसा’ येते. एका रूपाचे दोन अर्थ लॅटिनमध्ये, आणि दोन अर्थांना दोन रूपे मराठीत, असा हा हिशेब आहे.

५. शब्द आले, श्रेणी गळाली

मराठीत तुलनावाचक घडणीचे शब्द नाहीत असे मात्र नाही. ते पुष्कळ आहेत. फक्त त्यांची श्रेणी मराठीने मानलेली नाही. ‘श्रेष्ठ’ हे घडणीने अंतिम श्रेणीचे रूप. आपण ‘अधिक श्रेष्ठ’, ‘सर्वश्रेष्ठ’ सहज म्हणतो. यजुर्वेदात ‘श्रेष्ठतम’ हे रूप आहे, त्यावरून ही झीज वेदकाळीच सुरू झाली होती हे उघड आहे. ‘उत्तम’चे ‘सर्वोत्तम’ करावे लागते. ‘कनिष्ठ’ म्हणजे मूळचा सर्वांत लहान. कचेरीतील ‘कनिष्ठ लिपिक’ हा वरिष्ठ लिपिकाच्या तुलनेने खालचा एवढेच आपण समजतो. अंतिम श्रेणीच्या रूपाला मधल्या श्रेणीचे काम मिळाले. ‘तम’ आपल्या नेमक्या अर्थाने टिकला तो पारिभाषिक शब्दांत. गणिताच्या तासाला प्रत्येक मूल लघुतम आणि महत्तम हे शब्द शिकते.

फारसीतून आलेला ‘बेहत्तर’ हे आणखी बोलके उदाहरण आहे. फारसीत ‘बेह’ म्हणजे चांगला व ‘तर’ हा संस्कृत ‘तर’चा सख्खा भाऊ, ‘बेहतर’ म्हणजे अधिक चांगला. मराठीत आल्यावर त्याची तुलना तर गेलीच, विशेषणपणही गेले. ‘प्राण गेला तरी बेहत्तर’ येथे तो ‘पर्वा नाही’ एवढेच सांगतो. आणि इंग्रजीच्या द्वारे आलेली ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ ही खुद्द लॅटिनची तुलनावाचक रूपे आहेत. आपण ‘ते माझ्यापेक्षा सीनियर आहेत’ असे म्हणतो, इतकेच काय ‘सर्वांत सीनियर’ही म्हणतो. संस्कृत, फारसी, लॅटिन अशा तीन अभिजात भाषांतून तुलनेची तयार रूपे मराठीच्या दारी आली; तिने शब्द ठेवून घेतले आणि श्रेणी परत पाठविली. हा योगायोग नव्हे. तुलना हा विशेषणाचा धर्म नसून वाक्यातील संबंध आहे, अशी मराठीची स्वतःची धारणा यातून व्यक्त होते.

६. ‘अधिक’विषयी

यावर असा आक्षेप येईल की, ‘अधिक’ हा शब्द मराठीत दुसऱ्या श्रेणीची खूण नाही काय? ‘गोविंद हरीपेक्षा उंच आहे’ आणि ‘गोविंद हरीपेक्षा अधिक उंच आहे’ ही वाक्ये ताडून पाहावीत. पहिल्या वाक्यात दोघेही बुटके असू शकतात. केवळ दोन मापांची तुलना आहे. दुसरे वाक्य ऐकताना हरीही उंच असल्याचा भास होतो. त्या उंचीत गोविंदाने भर घातली आहे. ‘अधिक’ हा श्रेणीचा प्रत्यय नव्हे, तो भर दाखविणारा स्वतंत्र शब्द आहे, आणि आवश्यक नसेल तेथे तो गाळता येतो. लॅटिन ‘इओर’ गाळता येत नाही. इंग्रजीवरून भाषांतर करताना प्रत्येक तुलनावाचक रूपापाठीमागे ‘अधिक’ ठेवण्याची जी सवय पाठ्यपुस्तकांना व शासकीय लेखनाला लागली आहे, ती या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे लागली आहे. ‘ही गोळी त्या गोळीपेक्षा अधिक सुरक्षित आहे’ असे छापले म्हणजे ती दुसरी गोळीही सुरक्षित असल्याचे आपण नकळत सांगून बसतो.

७. उपसंहार

या विवेचनाचा उपयोग वर्णनात्मक अभ्यासाला होईल, अशी अपेक्षा आहे. अंधेरीतील मरोळ, बोरिवलीपलीकडील गोराई अशा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या गावठाणांतून उत्तर कोंकणची जुनी बोली अद्याप ऐकू येते. या गावठाणांना वाढत्या उपनगरांनी चहूबाजूंनी वेढले आहे, आणि तेथील नोंदी करण्याचे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. अशा वेळी हाती तीन श्रेणींची यादी घेऊन जाणारा विद्यार्थी ‘दुसऱ्या श्रेणीचे रूप नाही’ एवढीच नोंद घेऊन परत येईल. त्याऐवजी त्याने उपमानाला काय लागते ते विचारावे. वियोगाचा आणि तुलनेचा प्रत्यय एकच आहे की दोन, ते पाहावे. नामांना व सर्वनामांना एकच प्रत्यय लागतो काय, ते तपासावे. समुदायातून निवड करताना कोणती विभक्ती येते आणि ‘अधिक’सारखा शब्द केव्हा आवश्यक ठरतो, याची वाक्ये मिळवावीत. दोन गावांची अंतरे, दोन भावंडांची उंची, दोन होड्यांचा वेग, असे साधे विषय काढले तरी ही सामग्री एका बैठकीत हाती येण्याजोगी आहे.

लॅटिनचा अभ्यास यासाठी सोडावयाचा नाही. उलट तो नीट करावयाचा आहे. नीट केला म्हणजे असे दिसते की, तेथेही तुलना एकट्या ‘आल्तिओर’मध्ये नव्हती, ती ‘पाउलो’च्या पंचमीतही होती. आपल्या परंपरेने प्रत्यय गमावून ‘तारतम्य’ राखले. भाषांची तुलना करतानाही तेवढे राखले, म्हणजे एका भाषेच्या मापाने दुसरीला उणे ठरविण्याचा प्रसंग येणार नाही.